माळवदाच्या गावात कौलारू घर

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि चौथीच्या पोरांना म्हणा, "घराचं चित्र काढा." दहा मिनिटांत वर्गभर एकच चित्र उमटतं. मागे तीन टोकदार डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, तिथूनच वळत येणारी नदी, नदीच्या काठाला नारळाचं झाड आणि उतरत्या लाल कौलांचं घर. आकाशात आडव्या तीनच्या आकड्यासारखे पाखरांचे थवे.

आता आमचा जिल्हा बघा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन. वर जिंतूरकडे अजिंठ्याची रांग आणि खाली गंगाखेडकडे बालाघाट. पण हे डोंगरसुद्धा माथ्यावर सपाट, टोक म्हणून कुठं सापडत नाही. नारळ इथे येतो तो बाजारातून, देवापुढे फोडायला. आणि घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर काटक्यांचा थर आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड लेप. उन्हाळ्यात रात्री झोपायला वर जायचं, दिवसा तिथंच पापड-कुरडया वाळवायच्या. आता माळवदं पडली, त्यांच्या जागी स्लॅब आले, गरिबाकडे पत्रे आले. स्लॅबही सपाटच की! वहीतलं घर मात्र अजून कौलारू आहे.

मी ड्रॉइंगचा शिक्षक. उमेदीची वर्षं जिंतूरकडे गेली, पुढची गंगाखेडकडे. शाळा हायस्कूलची, पण तिला खाली प्राथमिक वर्ग जोडलेले होते आणि हेडमास्तर मला तिकडेही पिटाळायचे. शिवाय केंद्राच्या शिक्षण परिषदांना, चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणून गावोगाव जाणं व्हायचं. प्रत्येक ठिकाणी हे घर समोर यायचं. ते आमच्या पोरांच्या वहीत आलं कुठून, हा प्रश्न धरून मागे मागे गेलं, की इकडच्या शाळांतल्या चित्रकलेचा बराचसा इतिहास हाताला लागतो. तो फारसा अभिमानाचा नाही. पण आहे तो असा आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण सगळं तिथूनच आलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली. शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग भूमिती, मग समोर ठेवलेल्या नमुन्याची बाह्यरेषा. रंग फार पुढे. कारागिराचा हात नक्षीला, नकाशाला, कारखान्याला उपयोगी पडावा हा उद्देश उघडच होता. त्यात लहान मूल कुठेच नव्हतं. १८९३ साली तिथेच शाळांसाठी ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला आणि कारागिरासाठी बांधलेली ही चौकट शाळेतल्या मुलाच्या गळ्यात आली. योगायोग असा, की त्यानंतर चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांचा चित्रवर्ग काढला आणि मुलांनी मोठ्यांसारखं काढूच नये असं तिथे धरलं गेलं. तो विचार आमच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचायला पुढचं शतक उजाडलं. पोहोचला असं म्हणायचं तर.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. प्राथमिक शाळेला तहतानिया, त्यावरच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. वर जावं तसं शिक्षण उर्दूतून. शाळाच मुळात थोड्या, तिथे ड्रॉइंग मास्तर कुठला? पण माझे वडील अशा शाळेत शिकले होते आणि त्यांच्याकडून तख्तीचं वर्णन मी पुष्कळदा ऐकलं आहे. लाकडी फळी मुलतानी मातीने सारवायची, उन्हात वाळवायची आणि बरूच्या टोकाने तिच्यावर अक्षर काढायचं. त्याला खुशखती म्हणत. बरू कोणत्या कोनात कापायचा, कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, दोन अक्षरांत जागा किती सोडायची, हे उस्ताद हात धरून शिकवायचे. मराठी पंतोजीकडेही धूळपाटी आणि कित्ता होताच. वडिलांनी शाळेत चित्र म्हणून कधी काही काढलं नाही, पण माझ्या मते त्यांना रेषेचं जे शिक्षण मिळालं ते पुढे आम्हाला 'चित्रकला' या नावाखाली मिळालं त्यापेक्षा सकस होतं. निदान साधन गावातलं होतं आणि शिकवणाऱ्याला ती कला येत होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्य बदललं, भाषा बदलली, पुस्तकं बदलली. मुंबईचा अभ्यासक्रम आणि मुंबईच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा हीच आता आमच्याकडची सरकारी चौकट झाली. १९६५ साली कला संचालनालय झालं आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट त्याच्या हाताखाली आल्या. मला शिकवणारे सर सांगलीकडचे होते. फार चांगले. फळ्यावर त्यांनी घर काढलं ते अर्थातच त्यांच्या गावाकडचं, कौलांचं. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकच पुस्तक आलं. त्यातली चित्रं काढणारे चित्रकार बहुतेक पुण्या-मुंबईचे. वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर कोकण किंवा काश्मीर. गुरुजींनी डी.एड.ला असताना जी चित्रकलेची फाइल केली, तिच्यातही तेच घर. असं तीन-चार वाटांनी ते घर गावात शिरलं आणि वर्गातल्या खिडकीतून समोर दिसणारं माळवद कुणाला दिसेनासं झालं. माझा हा कयास आहे, पण ज्यांनी जुन्या वह्या पाहिल्या आहेत ते तो सहसा खोडून काढत नाहीत.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. वाड्या-तांड्यांपर्यंत शाळा उघडल्या, हे त्या पिढीचं मोठं काम. पण बहुतेक शाळा दोन गुरुजींच्या, कुठे एकाच्या. खोली एक, वर्ग चार. अशा शाळेत चित्रकलेचा तास कसा चाले ते सांगतो. गुरुजींना चौथीला भागाकार शिकवायचा असे. पहिली-दुसरीची पोरं कलकलाट करीत. मग हुकूम सुटे, "अरे ए, पाटीवर चित्र काढा बरं, गप बसून." पोरं अर्धा तास गप्प. भागाकार संपला, की गुरुजी पाट्यांकडे न बघताच म्हणत, "पुसा आता." थुंकी लावून किंवा बाहीने सगळं साफ. वेळापत्रकात चित्रकला शनिवारी शेवटच्या तासाला एकदाच असे, पण प्रत्यक्षात ती रोज चाले. रोज चालूनही ती कुणी शिकवत नसे. गुरुजींना दोष देण्यात मला रस नाही. चार वर्ग, जनगणना, मतदार यादी, पल्स पोलिओ, नंतर खिचडीचा हिशेब, एवढं सांभाळून जो माणूस भागाकार तरी शिकवतो त्याला हात जोडावेत.

साधनांचं म्हणाल तर रंगपेटी नावाची वस्तू प्राथमिकच्या पोरांकडे फार उशिरा आली. दांडेकरांची कंपनी १९३१ पासून शाई करते, पुढे कॅमलचे रंग देशभर गेले, पण खेड्यातल्या वाण्याकडे पाटीवरची पेन्सिल, शाईच्या गोळ्या आणि फार तर मेणखडू. मेणखडूचं तर विचारू नका. एप्रिलमध्ये इकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पेटीतले खडू एकमेकांना चिकटून त्यांची एकच वडी होते. कागदावर टेकवला की तो रेषा काढायच्या आधी वाकतो. जलरंग आणावेत तर पाणी? ज्या शाळेत पोरं पिण्याचं पाणी घरून बाटलीत आणतात, गावात टँकर येतो, तिथे ब्रश बुडवायला पाणी मागायची मला लाज वाटायची. चाळीस मुलांना दर वेळी किमान एक बादली लागते, आणि ती गढूळ झाली की दुसरी. एकदा एका शाळेत मी दोन वाट्यांतच चाळीस जणांना रंगवायला लावलं. सगळी चित्रं शेवटी शेणकटीच्या एकाच रंगाची झाली आणि पोरं मात्र खूश.

बसायला सतरंजी, मांडी हाच बोर्ड. म्हणून मी पाटी उलटी करून तिच्यावर कागद ठेवायला लावी. ब्रश नसला तर बाभळीची काडी. दात घासायला चावतात तशी चावून टोक मऊ करायचं. गेरू, चुना, नीळ, हळद, चुलीतला कोळसा, फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केशरी. हे सगळं फुकट होतं आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या घरात असायचंच. तारा मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बिया, पानं, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य केलं. सेवाग्रामला १९४४ पासून कलाशिक्षक देवी प्रसाद होते. म्हणजे वाट माहीत नव्हती असं नाही. महाराष्ट्रातच, पुस्तकांतून छापलेली वाट होती. पण साहेब तपासणीला आले की वर्गात पळसाचं पाणी बघून कपाळाला आठ्या घालायचे. त्यांना स्केचपेनने रंगवलेला मोर हवा असे.

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. आमचं पोर शाळेच्या बाहेर चित्रकार असतं. पोळ्याच्या आधी दोन दिवस ओढ्याकाठी जाऊन बघा. काळ्या मातीचे बैल करणारी पोरं वशिंड कसं उचलतात, मान कशी वळवतात! ज्याच्या घरी लाल कंधारी आहे त्याचा बैल बुटका, भरीव. ज्याच्या घरी देवणी आहे त्याचे कान लोंबते. आपल्या मातीच्या बैलात हा फरक सात वर्षांचं मूल करतं. खऱ्या बैलांच्या अंगावर गेरूत बुडवलेल्या वाटीने गोल ठसे उठवायचे, हातांचे पंजे उमटवायचे, शिंगं रंगवायची, हे मुद्राचित्रणाचे धडेच झाले. ज्वारीच्या धाटाची साल आणि आतला भेंडासारखा गाभा घेऊन गाडी, जू, चाकं जोडतात, त्याला खिळा नाही की डिंक नाही. दिवाळीला आया-बहिणी अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, डोक्यावर घागरी, दळणारी, ताक घुसळणारी. आख्खं गावच असतं ते, बोटाएवढ्या माणसांचं. यातलं काहीही शाळेच्या फाटकातून आत आलं नाही. पोळ्याला शाळेला सुट्टी, दिवाळीलाही सुट्टी. शाळा उघडली की पुन्हा कौलारू घर. आता तर वारली चित्रं सगळीकडे शिकवतात. जिव्या सोमा मशे यांना माझा दंडवत, त्यांच्यामुळे ती रेषा जगभर गेली. पण डहाणूच्या लग्नातला चौक परभणीच्या पोरांनी जुन्या वहीतून पाहून काढायचा, आणि स्वतःच्या आजीची गवळण मात्र चित्रात धरायची नाही, यात कुठे तरी घोटाळा आहे.

ग्रेड परीक्षेबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण ड्रॉइंगच्या सरांची इज्जत तिच्यावरच अवलंबून. आमच्या काळी परीक्षेला तालुक्याला किंवा परभणीला जावं लागे. दोन दिवस, चार विषय: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. खेड्यातली पोरं नातेवाइकांकडे मुक्काम करत, काखेत पुठ्ठा आणि कागदाची सुरळी. पुढे ज्याला चित्रकलाच शिकायची तो मीटरगेजच्या गाडीने मनमाडला उतरायचा आणि गाडी बदलून मुंबईचा रस्ता धरायचा. असे फार थोडे. बाकीचे माझ्यासारखे एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून इथेच राहिले. परीक्षेने शिस्त लावली हे खरं. वर्तुळाला स्पर्शिका काढायला आम्ही तिच्यामुळेच शिकलो. पण स्मरणचित्रात गर्दी मागितली की पोरं ठरावीक चार माणसं पाठ करून जात. एक पाठमोरा, एक बसलेला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक हात वर केलेला. विषय बाजार असो की जत्रा, माणसं तीच. शहरातल्या क्लासवाल्यांनी तर ती माणसं छापूनच विकली. नंतर दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळू लागले आणि जे पालक कधी माझ्याकडे बघत नव्हते ते रस्त्यात थांबवून बोलू लागले. "सर, ए ग्रेड बसली पाहिजे बघा." चित्र कसं काढतो हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही.

खालच्या वर्गांना या परीक्षेचा उपयोग शून्य. उलट नुकसानच झालं. शाळेत ड्रॉइंगचा माणूस असला तरी त्याचा सगळा वेळ आठवी-नववीच्या परीक्षार्थींना. उरलेला वेळ कुणाला, तर शाळेला. रोजचं फलकलेखन, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, गॅदरिंगचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं, निवडणुकीच्या वेळी मतदान केंद्राच्या पाट्या. एका शाळेत संस्थाचालकांच्या घरच्या लग्नाच्या कमानीवर वर-वधूची नावं मी सोनेरी अक्षरांत रंगवली आहेत आणि त्या दिवशी दुसरीचा तास ऑफ गेला. सुंदर अक्षर हा या धंद्यातला शाप आहे, ज्याला आहे त्याला विचारा.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे, जी मुंबईत बसून अभ्यासक्रम लिहिणाऱ्याला सुचणार नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला घरं उठतात. निम्मा वर्ग गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात. हंगामी वसतिगृहं निघाली, आजी-आजोबांजवळ काही मुलं राहू लागली, तरी पुष्कळ जातातच. ती उगवतात मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. पाढे विसरलेली, अक्षर मोडलेलं. अशा मुलांना गुरुजी काय शिकवणार? मी त्यांना चित्र काढायला देत असे, आणि सांगतो, उभ्या नोकरीत पाहिलेली सगळ्यांत चांगली चित्रं त्यांचीच. एका पोरीने कोपी काढली होती. बांबू आणि तट्ट्यांची, वरून पाचट टाकलेली, दोन्ही बाजूंनी उतरती. दाराशी तीन दगडांची चूल, पलीकडे ट्रॅक्टरचं भलं मोठं चाक, उसाच्या मोळ्यांची रेषच्या रेष, आणि पहाटेचा अंधार दाखवायला कागदभर कोळसा. वर्गात उतरतं छप्पर खऱ्या डोळ्यांनी पाहून काढणारी तीच एकटी. बाकीच्या वर्गाने त्या दिवशीही कौलं काढली. तिचं चित्र स्पर्धेला पाठवायचं ठरलं तेव्हा वरून निरोप आला, विषय 'स्वच्छ भारत' आहे, चूल आणि धूर चालणार नाही.

२००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला तेव्हा आम्हा मंडळींना मोठी आशा होती. त्याच्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे. पण कुठे? सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुलं असतील तिथे. पहिली ते पाचवीच्या रकान्यात फक्त मुलांच्या संख्येवर शिक्षक मोजले आहेत: ६० मुलांपर्यंत दोन. कलेचं नाव नाही. आमच्याकडच्या वाडी-तांड्यावरच्या शाळा या अटीत कधीच बसत नाहीत. जिथे बसल्या तिथे निदेशक आले ते मानधनावर, वर्षाच्या मध्ये, आणि वर्ष संपताना घरी गेले. त्याच सुमाराला आकारिक मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाच्या कलेबद्दल गुरुजींनी वर्णनात्मक नोंद लिहायची. कल्पना उत्तम. पण तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग मोबाइलवर पीडीएफ फिरू लागली, आणि 'चित्रात आवडीने रंग भरतो' हे वाक्य जिल्ह्यातल्या हजारो मुलांच्या नावापुढे एकाच शाईत उतरलं. त्यात कोपी काढणारी पोरगीही आली.

मग 'बोलक्या भिंती' आल्या. शाळा बाहेरून रंगली, बाराखडी, पाढे, फळं, प्राणी, रेल्वेचे डबे. रंगवणारा पेंटर तालुक्याचा, पैसे लोकवर्गणीचे. मुलांनी त्या भिंतीला हात लावायचा नाही, ती खराब होते. नागपंचमीला याच मुलाची आजी घरच्या भिंतीवर नागोबा काढते तेव्हा त्याला शेजारी उभं करते, गेरूची वाटी धरायला. मला ही गोष्ट राहून राहून खटकते. गावातली एकच भिंत अशी, जी मुलांसाठी रंगवली आणि जिच्यावर मुलांनाच बंदी.

पाठ्यपुस्तक मात्र सुधारलं, हे मान्य केलं पाहिजे. 'खेळू, करू, शिकू' मध्ये ठसेकाम आहे, मातीकाम आहे, टाकाऊ वस्तू आहेत. पुस्तक वाचून उद्या एखादा तरुण गुरुजी पोळ्याचा बैल वर्गात करून घेऊ शकेल. काही जण घेतातही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या बारवेवर, हेमाडपंती देवळांवर मुलांना पाटी-कागद घेऊन बसवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण हे सगळं एकेका माणसाच्या हौसेवर. तो बदलून गेला की शाळा पुन्हा कौलारू.

म्हणून मागणी एकच आणि ती खर्चाची नाही. निदेशकाची नेमणूक शाळेच्या पटावर करू नका, केंद्रावर करा. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. एका शाळेला आठवड्यातून अर्धा दिवस असा फिरता माणूस पहिलीपासूनच्या मुलांना मिळाला तरी पुरे. एटीडी झालेली, बेकार बसलेली पोरं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांतली बरीच आज फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर जुळवतात. त्यांना मेणखडूच्या पेट्या देऊ नका, गेरू आणि काळी माती इथे आहे. फक्त नेमणूक जूनमध्ये करा, दिवाळीनंतर नको, कारण तोवर निम्मी मुलं उसाच्या फडात गेलेली असतात.